बोट सोडवली

बिशान, सिंगापूर
२४ मार्च २०२५

गार्गी,

तुझ्या ऑफिसचं पत्र शुक्रवारी पोचलं. 'डिअर मिसेस पारसनीस' अशी सुरुवात वाचून आधी वाटलं बँकेचं असेल. खाली सही तुझी. चार वर्षांनी आलेलं पत्र, तेही लेटरहेडवर, संदर्भ क्रमांकासकट. ठीक आहे. उत्तर मराठीत देते, कारण आईने लेकीला इंग्रजीत लिहावं इतकं आपलं बिनसलेलं नाही. ईमेल करत नाही. तू मला व्हॉट्सअॅपवरून काढलंस तेव्हाच ठरवलं, यापुढे जे काय ते पोस्टाने.

प्रकरण मला समजलं ते असं. चुकत असेन तर सांग.

नोव्हेंबर २०२१. भूमध्य समुद्रात एका मालवाहू जहाजाने फुटक्या होडीतल्या एकतीस जणांना वर घेतलं. जहाजावर युरोपातल्या एका देशाचा झेंडा, कंपनीचं ऑफिस इथे हार्बरफ्रंटला, खलाशी आपले. त्या देशाच्या समुद्र खात्याने फोनवरून हुकूम दिला, माणसं ज्या किनाऱ्यावरून पळाली त्याच किनाऱ्याच्या गस्तवाल्यांच्या हवाली करा. कॅप्टनने केली. परत नेल्यावर त्यांना कोठडीत टाकलं, मारलं. पुढे त्यातल्या दोघांनी, एक पुरुष आणि एक बाई, झेंड्याच्या देशाविरुद्ध तिथल्याच कोर्टात दावा लावला. सगळ्या पायऱ्या चढून हरले. शेवटचा निकाल ३ फेब्रुवारीला हातात पडला. तिथून चार महिन्यांच्या आत तुमच्या स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाकडे अर्ज टपालात पडला पाहिजे, म्हणजे ३ जूनपर्यंत. पाकिटावरचा शिक्का ग्राह्य धरतात. तू त्यांच्या वकिलांपैकी एक.

ते हरले मुख्यतः एका कागदामुळे. जहाज इथे आलं तेव्हा कंपनीने खलाशांच्या जबान्या घेतल्या. त्यातल्या नंदू नावाच्या खलाशाच्या मराठी जबानीचं इंग्रजी भाषांतर कोर्टापुढे आलं. त्यात म्हटलंय, सगळे स्वेच्छेने उतरले. भाषांतराखाली शिक्का माझा, प्रमाणित भाषांतरकार म्हणून. तू विचारतेस, मूळ मराठी कागद कुठे आहे, भाषांतर बिनचूक आहे का, आणि मी ते नंदूला वाचून दाखवलं होतं का.

मूळ कागद कंपनीला परत जातात. भाषांतर बिनचूक आहे. वाचून दाखवल्याचा दाखला भाषांतराखाली छापलेला आहे, तो तुला वाचता येतो.

तुझ्या पत्रात दुसऱ्या परिच्छेदात एक स्वल्पविराम जास्त पडला आहे.

माझी तब्येत बरी आहे. गुडघा बोलतो, पण मी ऐकत नाही. शनिवारी ईस्ट कोस्टला जाऊन चार किलोमीटर चालते आणि घरी येते. बाबांच्या शोकसभेत तू मधेच स्क्रीन बंद केलीस, त्याचं कारण मला अजून कळलेलं नाही. झूमवर चाळीस माणसं होती. मी तुझं कौतुकच करत होते.

सरोजिनी पारसनीस

---

८ एप्रिल २०२५

गार्गी,

या वेळी तुझं पत्र एका ओळीचं. 'व्हॉलंटरिली' हा शब्द ज्या मराठी शब्दासाठी वापरला, तो मूळ शब्द कृपया कळवावा.

मूळ शब्द 'मुकाट'. 'सगळी मुकाट उतरली.' कागद घरात सापडला, म्हणून सांगू शकते.

तू लगेच म्हणशील, मुकाट म्हणजे स्वेच्छेने नव्हे. मला मराठी शिकवू नकोस. मुकाट म्हणजे आवाज न करता, तक्रार न करता. ज्याला तक्रार असते तो बोलतो. जो बोलत नाही त्याची तक्रार नाही, असं मानून जग चालतं. मी घरही असंच चालवलं. 'मुकाट्याने जेव' म्हटलं की तू जेवायचीस, आणि जेवणात मीठ कमी आहे असं तू कधी म्हणालेली मला आठवत नाही. सहीसाठी कागद पुढे केला आणि माणसाने सही केली, तर त्याची संमती होती असंच आपण धरतो. मी तीस वर्षं असेच कागद पुढे केले आहेत.

तरी तुमचा युरोपीय मानवी हक्क करार काढून वाचला. लायब्ररीत आठव्या मजल्यावर आहे. पुण्याला लॉ कॉलेजात होते तेव्हा आंतरराष्ट्रीय कायदा हा आमचा ऐच्छिक विषय होता. वर्गात सात जण, मुलगी मी एकटी. सर म्हणायचे, डेकवर ज्याचा झेंडा त्याचा कायदा, जहाज जगात कुठेही असो. एवढंच लक्षात राहिलं होतं. आता तिसरा अनुच्छेद वाचला. सवयीने मराठी करून पाहिलं: कोणालाही यातना दिल्या जाणार नाहीत, अथवा अमानुष किंवा मानहानीकारक वागणूक वा शिक्षा दिली जाणार नाही. एवढाच. पुढच्या अनुच्छेदांना दुसरं, तिसरं पोटकलम आहे, अपवाद आहेत, देशाची सुरक्षितता वगैरे आहे. इथे एकही 'परंतु' नाही. आयुष्यभर करारनामे भाषांतरित केले, 'परंतु' नसलेलं कलम फार पाहिलं नाही.

म्हणून तुमच्या लोकांचा मुद्दा मला कळतो. जिथे मारतील तिथे परत पाठवायचं नाही, आणि घोळक्याने तर नाहीच. प्रत्येकाला विचारायला हवं होतं. पण माणसं आपणहून उतरली असतील तर पाठवलं असं कसं म्हणायचं? हा प्रश्न कोर्टाने विचारला, त्यात गैर काही नाही.

निकालाची प्रत पाठव. कोर्टाने माझ्या भाषांतराबद्दल काय म्हटलंय ते मला वाचायचं आहे.

तुझ्या खोलीत शिवणयंत्र ठेवलंय. शिवत काही नाही.

आई

---

२१ एप्रिल २०२५

गार्गी,

निकालाची प्रत मिळाली. तू त्यावर पिवळ्या पेनने काही खुणावलं नाहीस, हे बरं केलंस. मला कुठे वाचायचं ते सांगावं लागत नाही.

अर्जदार क्रमांक दोन, ती बाई. तिने शपथेवर सांगितलं की ती कठडा धरून उभी होती, सोडत नव्हती, आणि एका खलाशाने तिची बोटं कठड्यावरून एकेक करून सुटी केली. कोर्ट म्हणतं: 'प्रत्यक्ष डेकवर हजर असलेल्या खलाशाच्या त्याच सुमाराच्या जबानीत अशा कोणत्याही प्रकाराचा उल्लेख नाही. उलट त्यात सर्वजण स्वेच्छेने उतरल्याचं स्पष्ट म्हटलं आहे.' म्हणून तिचं म्हणणं त्यांनी अतिरंजित ठरवलं.

हे मी सकाळी दहाला वाचलं. मग नंदूचा कागद काढला. तो सापडला असं मी मागे लिहिलं, ते खरं नाही. कागद कुठे आहे ते मला माहीत होतं. कोविडमध्ये ऑफिस बंद होतं, मी घरून काम करायची, त्या वर्षीचे मूळ कागद परत द्यायचे राहिले. कपाटात, बाबांच्या सर्व्हिस रेकॉर्डच्या खाली आहेत.

तुझ्यासाठी कागद जसाच्या तसा उतरवते. नंदू गुहागरकडचा, सातवीपर्यंत शिकलेला.

'मी डेकवर होतो. सकाळी सहाला माणस वर घेतली. एकतीस. पाणी बिस्किट दिल. त्यांची बोट आठला बुडाली. दुपारी गस्तवाले आले. साहेब बोलले उतरवा. कोण उतरत नव्हत. शेवटी बोट सोडवली मग सगळी मुकाट उतरली. दोनला काम संपल.'

आता माझं इंग्रजी. 'कोण उतरत नव्हत' याचं मी केलं, 'सुरुवातीला थोडी चलबिचल दिसून आली.' पुढे, 'अखेरीस नौका मोकळी करण्यात आली आणि सर्वजण स्वेच्छेने उतरले.' वाचायला छान आहे. माझं इंग्रजी चांगलं आहे. चांगल्या इंग्रजीत कोणी ओढाताण करत नाही.

नंदू शब्दाच्या शेवटी अनुस्वार देत नाही. माणस, दिल, नव्हत, संपल. प्रत्येक ठिकाणी मी टिंब मनाने दिलं आणि पुढे गेले. एका ठिकाणी दिलं नाही.

दोन तास त्या शब्दाकडे बघत बसले. कोणती बोट सोडवली? त्यांची होडी तर चार ओळी आधी बुडाली आहे. गस्तवाल्यांच्या नौकेची दोरी म्हणावी, तर ती सोडल्यावर माणसं उतरणार कशात? आणि खलाशी बोट 'सोडतो', 'सोडवत' नाही. हे मला कळायला हवं होतं. तीस वर्षं इंजिनरूममध्ये काढलेल्या माणसाशी माझं लग्न झालं होतं. अडकलेली वस्तू सोडवतात. घट्ट धरलेली वस्तू सोडवतात.

'बोटं सोडवली.' दोन्हींचं क्रियापद तेच, तसंच. 'बोटे' असं पुस्तकी लिहिलं असतं तर प्रश्नच आला नसता. तो बोलल्यासारखं लिहितो, आणि टिंब खातो.

अर्थात हा माझा तर्क झाला. तर्कावर कोर्ट चालत नाही, हे मलाही कळतं. नंदूला विचारलं पाहिजे. खरं तर तेव्हाच विचारायचं होतं. म्हणून आता तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर लिहिते.

मी त्याला वाचून दाखवलं नाही.

जानेवारी २०२२. जहाजावर जायला बंदी होती. कागद पाकिटातून आला, सोबत त्याचा फोन नंबर. नियम असा की भाषांतर झाल्यावर ते जबानी देणाऱ्याला त्याच्या भाषेत परत वाचून दाखवायचं, त्याने हो म्हटलं की दाखल्यावर सही करायची. पाच मिनिटांचं काम. आमच्या भाषांतराच्या ऑफिसमधला प्रबोध म्हणाला, 'चारला जहाज निघतंय, तेवढं उरकून टाका.' पण त्याने मला फोन करू नका असं सांगितलं नव्हतं. त्याच्यावर ढकलणार नाही. मी फोन केला नाही कारण मला गरज वाटली नाही. नंदूला त्याचं मराठी माझ्यापेक्षा जास्त कळेल, हे माझ्या मनातही आलं नाही. 'फोनवर वाचून दाखवले, मान्य केले' असं टाइप केलं आणि सही केली.

एका बाईने शपथेवर सांगितलेलं खोटं ठरलं, कारण मी एक फोन केला नाही.

बाबांना जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. हे कारण म्हणून लिहीत नाही. आठ महिन्यांत मी फोनवर फार बोललेच नव्हते, एवढंच आठवलं.

आई

---

१२ मे २०२५

गार्गी,

नंदू काल येऊन गेला. तो आता दुसऱ्या कंपनीच्या जहाजावर आहे आणि ते जहाज दुरुस्तीसाठी महिनाअखेरपर्यंत इथल्या यार्डात उभं आहे. हे दैव नव्हे. पाकिटातला त्याचा जुना नंबर आता गुहागरला त्याच्या बायकोकडे आहे, तिने नवा नंबर दिला, आणि त्या नंबरवर मी अकरा वेळा फोन केला.

रविवार म्हणून त्याला सुट्टी होती. बिशानला उतर, खालच्या कॉफीशॉपपाशी थांब म्हटलं. पस्तीस-छत्तीसचा असेल. हातात सफरचंदांची पिशवी. 'मॅडम, तुमी आवाजावरून उंच वाटलेलात,' म्हणाला.

वर आणलं. आमटी-भात, बटाट्याची भाजी केली होती. दुसरं ताट काढायला वरच्या फळीवर हात घालावा लागला. तो खाली मान घालून जेवला. तीन वेळा भात घेतला. मग त्याच्यापुढे त्याचाच कागद ठेवला.

'हे वाच.'

'माझंच अक्षर हाय.'

'माहीत आहे. मोठ्याने वाच.'

त्याने वाचलं. 'शेवटी बोटं सोडवली' असं वाचलं. न थांबता, न अडखळता. कागदावर नसलेलं टिंब त्याच्या तोंडात होतं.

मी विचारलं, 'कुठली बोट?'

'बोट नाय, मॅडम. बोटं.' त्याने हात वर करून पाची हलवून दाखवली, लहान मुलाला दाखवावी तशी. मग माझ्या तोंडाकडे बघून त्याचा हात खाली आला. 'तुमी काय लिवलंत?'

मी सांगितलं. बोट मोकळी केली, मग सगळे स्वखुशीने उतरले.

'स्वखुशीनं?' तो हसला. वाईट हसला नाही. 'मॅडम, तिथं खुशी कुनाला व्हती? आमाला पन नव्हती.' मग म्हणाला, 'आमच्या मास्तरांनी टिंबापायी मला लई मारलंय. म्हनायचे, एक दिवस गोत्यात येशील. मी बोल्लो, टिंबानं कोन गोत्यात येतो?'

त्या बाईबद्दल विचारल्यावर बराच वेळ बशीतला चमचा सरळ करत बसला. मग टेबलाची कड डाव्या हाताने घट्ट धरली आणि उजव्या हाताने मला करून दाखवलं. 'बोसन, आमचा मुकादम, बोल्ला, सोडव. अशी धरून व्हती. एकदम वडलं तर सुटत नाय. करंगळीपासून सुरू करायचं. मग हे, मग हे. अंगठा शेवटी. ती वरडली नाय. माझ्याकडं बघत व्हती फकस्त. मग बाकीच्यांनी ते बघितलं, आणि सगळी मुकाट उतरली.'

करंगळीपासून सुरू करायचं. तो हे सांगत असताना माझ्या मनात आलं, हे मला माहीत आहे. अंगठा शेवटी, हेही माहीत आहे. मी भांडी उचलली.

मी त्याला म्हटलं, हे पुन्हा लिहून द्यावं लागेल, नोटरीसमोर, कोर्टासाठी. तो म्हणाला, 'मला आत टाकतील?'

'माहीत नाही,' मी म्हटलं. 'मी खोटं सांगणार नाही. माझी मुलगी वकील आहे, तिला विचारून सांगते. ती नको म्हणाली तर तू लिहू नकोस.'

'तुमची मुलगी तिकडं असते, तुमी इकडं?'

'हो.'

'येते काय?'

मी म्हटलं, चहा घेणार का. तो हो म्हणाला. निघताना दारात चपला घालताना म्हणाला, 'मावशी, ती बाई जिवंत हाय ना?' जिवंत आहे, आणि तिनेच हे कोर्टात सांगितलंय, असं मी म्हटलं. 'बरं झालं,' म्हणाला. 'मला वाटायचं, मलाच म्हाईत हाय.'

तेव्हा आता तू मला दोन गोष्टी कळव. नंदूने लिहून दिलं तर त्याच्यावर काय येऊ शकतं, ते गुळमुळीत नको, स्पष्ट. त्याचा वकील तुमच्यापेक्षा वेगळा असावा, कारण तुमचा अशील वेगळा आहे. आणि हा नवा कागद आता चालेल का? आधीच्या कोर्टापुढे का आणला नाही असं ते विचारतील. उत्तर मी देईन. तो आणता आला नाही कारण माझ्या खोट्या दाखल्यामुळे कोणाला शंका यायचं कारणच उरलं नव्हतं.

आज वेसाकची, आपल्या बुद्धपौर्णिमेची, सुट्टी आहे. खाली मुलं सायकली चालवताहेत. सफरचंदं सहा आहेत, मी एकटीने किती खायची.

आई

---

२३ मे २०२५

गार्गी,

सोबत तीन कागद आहेत. आज सकाळी बिशानच्या पोस्टातून पाठवते आहे, रजिस्टर करून, सर्वांत जलद मिळेल त्या सेवेने. काउंटरवरच्या बाईने काल विचारलं तेव्हा लेखी हमी दिली नाही, पण गुरुवारपर्यंत पोचेल म्हणाली. ३ जूनला मंगळवार आहे. तुला अर्जासोबत लावून टपालात टाकायला चार दिवस मिळतात. मूळ प्रती जातात, मी स्कॅन ईमेलनेही पाठवले आहेत. हो, ईमेलने. पोस्टावर सगळं सोडायचं हे प्रकरण नाही.

पहिला कागद नंदूचा. तुझ्या ऑफिसने त्याला दिलेला वकील त्याच्याशी फोनवर तासभर बोलला, हिंदीत, हे चांगलं केलंस. त्याने सगळे धोके सांगितले आणि मग नंदूने चार दिवस मागून घेतले. पाचव्या दिवशी फोन आला, 'मावशी, लिवतो. टिंब देऊन लिवतो.' नोटरीच्या ऑफिसात बसून त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं. प्रत्येक अनुस्वार इतका ठळक दिला आहे की मागच्या बाजूने कागद फुगलाय. भाषांतर या वेळी माझं नाही. मी ते करणं बरोबर नव्हतं. दुसऱ्या बाईंनी केलं, त्यांनी त्याला शब्दन् शब्द वाचून दाखवलं, मी बाहेरच्या बाकावर बसून होते.

दुसरा कागद माझं शपथपत्र. चार परिच्छेद. मूळ शब्द काय होता, मी काय वाचलं, 'मुकाट' या शब्दाला 'स्वेच्छेने' म्हणण्याचा मला अधिकार नव्हता, आणि वाचून दाखवल्याचा दाखला खोटा होता. नोटरी तरुण होता. चौथा परिच्छेद वाचून म्हणाला, 'आंटी, यू शुअर अॅनॉट? धिस वन कॅन्सल युवर हिअर-हिअर ऑल, लेह.' नक्की ना, याने तुमचा शिक्काच जाईल, असं शिक्क्याकडे बोट दाखवून विचारत होता. मी म्हटलं, शुअर. शिक्का परवा परत करून आले. प्रबोधला आधी सांगितलं, पाठीमागून केलं असं व्हायला नको. तो म्हणाला, 'सरोजिनीताई, एवढ्या वर्षांनी कशाला?' त्याच्याकडे तिसरा अनुच्छेद नाही, असता तरी त्याने त्यात 'परंतु' शोधला असता.

तुम्ही जिंकाल की नाही हे मला माहीत नाही. तुमच्याकडे वर्षानुवर्षं लागतात म्हणतात. मी सत्तर वर्षांची आहे, निकाल वाचायला असेन असं धरून चाललेलं नाही. पण ती बाई खोटं बोलली नव्हती, एवढं आता शिक्क्यानिशी कागदावर आहे. तिला कळव. तिला मराठी येत नाही, तेव्हा भाषांतर नीट करून कळव.

तिसरा कागद कोर्टासाठी नाही. अर्जाला चुकून लावू नकोस.

१९९५. तू दहा वर्षांची होतीस. चौथीनंतर शाळेने मुलांची वर्गवारी केली आणि तुझं नाव सगळ्यात खालच्या स्ट्रीममध्ये आलं. मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही असं मला वाटलं. मला, तुला नव्हे. बाबा जहाजावर होते. मी पुण्याला विद्याला फोन केला आणि दोन आठवड्यांत तुझं तिकीट काढलं, मावशीकडे राहायला, तिथल्या शाळेत घालायला. तुला विचारलं नाही. विमान कंपनीची बाई तुला न्यायला आली तेव्हा तू सामानाच्या ट्रॉलीची दांडी धरलीस. गर्दी होती, मागे रांग होती, लोक बघत होते. तू रडली नाहीस. माझ्याकडे बघत होतीस.

मी करंगळीपासून सुरू केलं.

त्यानंतर तीस वर्षं मी सगळ्यांना सांगत आले, गार्गी हसत गेली, तिला मावशीकडे जायचंच होतं, लहानपणापासून स्वतंत्र स्वभावाची. शोकसभेतही तेच सांगितलं, चाळीस माणसांना. बाबांनाही मी तेच सांगितलं होतं. ते गेले तेही तसंच समजून. तू स्क्रीन का बंद केलीस हे मला तेव्हाच कळलं होतं.

पुढे तू शिकलीस, वकील झालीस, आणि मी ते माझ्या निर्णयाच्या खात्यात जमा केलं. सगळं चांगलं झालं म्हणजे तुला हवंच होतं, असा अर्थ लावला.

माफी कशी मागतात ते मला नीट येत नाही. छापलेल्या मजकुरात चूक राहिली की काय करतात ते येतं. म्हणून तेवढंच केलंय. साध्या कागदावर आहे, शिक्का नाही, आता माझ्याकडे शिक्काच नाही. पण या वेळी नियम पाळायचा आहे. तुझ्या फोनची वाट बघेन. मी वाचून दाखवीन. तू हो म्हणालीस तर सही करीन. चुकीचं असेल तर थांबव, मी मुकाट ऐकेन.

मजकूर असा:

शुद्धिपत्र. 'गार्गी हसत गेली' याऐवजी 'तिची बोटं सोडवली, मग ती मुकाट गेली' असं वाचावं.

टिंब दिलेलं आहे.

आई